मुक्कामाचे विमान

कोल्हापूरहून नांदेड किती लांब? उत्तर कोणाला विचारता, त्यावर अवलंबून आहे. गाडी चालवणारा सांगेल, सांगली, सोलापूर, तुळजापूर, लातूर करत सुमारे पाचशे किलोमीटर. पहाटे निघालात तर दिवस कलायच्या आत पोचाल. नकाशावर पट्टी ठेवणारा सांगेल, कोल्हापूरच्या उजळाईवाडीची धावपट्टी आणि नांदेडची धावपट्टी यांच्यात सरळ रेषेत साधारण ४२५ किलोमीटर. वैमानिक सांगेल, पंख्याचे एटीआर असेल तर तास-सव्वातास, जेट असेल तर तासाच्या आत-बाहेर. तिघेही खरे बोलतात. पण ज्याचा भाऊ नांदेडच्या दवाखान्यात आहे, ज्या मुलीची तिथल्या विद्यापीठात मुलाखत आहे, ज्या व्यापाऱ्याला तिथे माल बघून सौदा करायचा आहे, त्यांच्यापैकी कोणालाच या तीन उत्तरांनी पुढे जाता येत नाही. त्यांचा प्रश्न साधा असतो: मी निघालो की कधी पोचेन, आणि घरी परत कधी येईन?

या साध्या प्रश्नाला आपल्या विमानधोरणात जागा नाही, हे माझे म्हणणे आहे. आपण किलोमीटर मोजतो, धावपट्टीची लांबी मोजतो, उड्डाणाची मिनिटे मोजतो आणि विमानतळांची संख्या मोजतो. माणसाचे तास मात्र मोजत नाही. दोन प्रादेशिक विमानतळांमधले खरे अंतर त्या तासांत आहे. ते किती, हे ठरवण्यात विमानाच्या वेगाचा वाटा फार थोडा असतो.

आधी वेगाचाच हिशेब करून टाकू. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट म्हणजे बृहद्‌वृत्ताचा कंस. दोन्ही धावपट्ट्यांचे अक्षांश-रेखांश घेतले की शाळेच्या त्रिकोणमितीने हे अंतर काढता येते. एटीआर ७२ हे सत्तर-बाहत्तर प्रवाशांचे विमान उंचीवर स्थिरावल्यावर तासाला पाचशे किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणजे ४२५ किलोमीटरला पन्नास-एक मिनिटे झाली. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, चढणे, उतरणीला लागून धावपट्टीच्या रेषेत येणे, पुन्हा रांगत थांब्याला लागणे यांची पंधरा-वीस मिनिटे मिळवा. चाकांखालची ठोकळी काढल्यापासून ती पुन्हा लावेपर्यंतच्या या वेळेला विमानवाले ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. तिकिटावर तीच वेळ असते.

शिवाय विमान सरळ रेषेत क्वचितच जाते. आकाशातही ठरलेले रस्ते आहेत आणि लष्करासाठी राखलेले मोठे पट्टे आहेत. भारताच्या आकाशाचा फक्त ६० टक्के भाग नागरी विमानांना मोकळेपणाने वापरता येतो, असे मे २०२० मध्ये केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीच सांगितले होते. वळसा घालावा लागला, समोरून वारा आला, की पाच-दहा मिनिटे इकडची तिकडे. पण हा सगळा हिशेब मिनिटांचा आहे. जेट आणि पंख्याचे विमान यांच्यातला फरकही अशा टप्प्यावर पंधरा मिनिटांपलीकडे जात नाही. माणसाचा जीव ज्या तासांत अडकलेला असतो, ते तास दुसरीकडेच खर्च होतात.

ते कुठे, हे बघू. घरातून विमानतळापर्यंत अर्धा तास. सुरक्षा तपासणी आणि सामानासाठी सव्वा ते दीड तास आधी हजर राहणे. उतरल्यावर सामान घेऊन गाडी शोधून इच्छित जागी पोचायला आणखी तासभर. म्हणजे विमान जमिनीवरून उचललेही नाही, तोवर तीन तास बाजूला ठेवावे लागतात. हा विमानप्रवासाचा ठोक खर्च. दोनशे किलोमीटर जा नाही तर बाराशे, तो तेवढाच.

यातून एक सोपे गणित मांडता येते. रस्ता हवाई अंतरापेक्षा साधारण १८ टक्के लांब धरा. कोल्हापूर-नांदेडचे प्रमाण जवळपास हेच आहे. साध्या रस्त्यावर गाडीचा सरासरी वेग तासाला ६० किलोमीटर धरा. विमानाचा, चढ-उतार धरून, ४०० धरा आणि त्यात ते ठोक तीन तास घाला. रस्ता आणि विमान यांची वेळ सारखी कुठे होते? साधारण १७५ किलोमीटर हवाई अंतरावर. त्याच्या आत विमान हरते. आता रस्ता सुधारला आणि सरासरी वेग ९० झाला, तर हीच सीमा सरकून २८० किलोमीटरवर जाते. जून २०२५ मध्ये नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. त्या दिवशी त्या पट्ट्यातल्या प्रत्येक छोट्या विमानतळाचा पाया थोडा सरकला. रस्त्यासाठी एका खात्यात पैसे घालायचे आणि त्याच रस्त्याने निरर्थक होणाऱ्या विमानसेवेसाठी दुसऱ्या खात्यात, असा कारभार आपल्याला परवडणारा नाही.

आणि या गणितात सर्वांत मोठा आकडा अजून आलेलाच नाही. तो म्हणजे वाट पाहण्याचा. समजा, दोन गावांमध्ये आठवड्यातून तीन दिवस विमान आहे. आठवड्याचे तास १६८. तिनाने भागले की दोन विमानांमध्ये सरासरी ५६ तास. अडीनडीला निघालेल्या माणसाला, फेऱ्या अगदी समान अंतराने वाटलेल्या असल्या तरी, सरासरी २८ तास विमानाची वाट पाहावी लागेल. तिकिटावर १ तास १० मिनिटे छापलेले असते. त्याच्या दृष्टीने ते गाव २९ तासांवर असते. तेवढ्या वेळात तो मोटारीने जाऊन, काम करून, रात्री विश्रांती घेऊन परतसुद्धा येईल. रोज एक विमान असेल तर ही सरासरी १२ तासांवर येते, रोज दोन असतील तर सहावर. विमानाचा वेग दुप्पट करून जे साधत नाही, ते फेऱ्या दुप्पट करून साधते.

थेट विमान नसेल त्या दिवशी तर भूगोलच बदलतो. कोल्हापूरहून हैदराबाद हवाई मार्गाने सुमारे ४४५ किलोमीटर, हैदराबादहून नांदेड सुमारे २४५. म्हणजे ४२५ किलोमीटरवरच्या गावाला जायला ६९० किलोमीटर उडायचे, तेही दुसऱ्या राज्याच्या राजधानीत तीन-चार तास बसून. दोन विमानांच्या वेळा जुळल्या तर दिवस निभावतो. नाही जुळल्या तर मुक्काम, आणि मग रस्त्याने गेलेला माणूस आधी पोचतो.

हे सगळे लिहिताना मला आमच्या गावची मुक्कामी एसटी आठवते. तालुक्याहून शेवटची गाडी रात्री साडेआठच्या सुमाराला यायची आणि देवळासमोरच्या पटांगणात उभी राहायची. ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या खोलीत पथारी टाकायचे. कोणाच्या तरी घरून त्यांना गरम भाकरी जायची. पहाटे साडेपाचला इंजिन सुरू झाले की त्या आवाजाने गाव जागे व्हायचे. दूध, भाजीच्या पाट्या, कॉलेजची मुले, कोर्टाची तारीख असलेला एखादा म्हातारा, दवाखान्यात न्यायचे लेकरू, हे सगळे त्या गाडीत असायचे. त्या गाडीमुळे गावातला माणूस दिवसाचे काम करून रात्री घरी जेवायला येऊ शकत होता. पुण्याहून अहमदनगरला १ जून १९४८ रोजी पहिली एसटी धावली. त्यानंतर या महामंडळाने जे केले त्यातले सर्वांत शहाणपणाचे काम कोणते, असे मला विचाराल तर मी ही मुक्कामाची गाडी सांगेन. दुसऱ्या टोकाने विचार करून पाहा. तीच गाडी तालुक्याला मुक्कामी राहिली असती आणि सकाळी दहाला गावात येऊन अकराला परत फिरली असती, तर किलोमीटर तेवढेच राहिले असते, डिझेलही तेवढेच जळले असते. पण गावकऱ्याला तालुक्याचे काम करायला दोन दिवस लागले असते. साहेबाला मात्र गावाची पाहणी करून परतणे सोयीचे झाले असते.

गाडी रात्री कुठे उभी राहते, यावरून ती कोणासाठी आहे हे कळते. आपली बहुतेक प्रादेशिक विमाने रात्री महानगरात उभी राहतात. त्याला कारणे आहेत. तिथे अभियंते असतात, दुसऱ्या मार्गांवर वापरायला वैमानिक असतात, रात्रभर दिवे असतात. लहान विमानतळावर नियंत्रण कक्ष दिवसातून ठरावीक तासच उघडा असतो. रात्री उतरण्याची सोय अनेक ठिकाणी उशिरा आली, काही ठिकाणी अजून यायची आहे. म्हणून विमान सकाळचे मोठ्या शहरांचे मार्ग उरकून दुपारी लहान गावाला येते आणि अर्ध्या-पाऊण तासात परत फिरते. मुंबईच्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. तिथे विमान उतरायला-सुटायला मिळणारी सकाळ-संध्याकाळची जागा म्हणजे सोन्याची खाण. मग सत्तर आसनांच्या विमानाला ती कोण देणार? त्याला उरलेली दुपार मिळते. लहान शहरातला वकील, डॉक्टर, उद्योजक, विद्यार्थी दुपारी निघून मुंबईत पोचतो तेव्हा कचेऱ्या बंद व्हायला आलेल्या असतात. रात्र हॉटेलात काढायची, दुसऱ्या दिवशी काम करायचे, परतीचे विमान चुकले की तिसरा दिवस. एवढे करून त्याने रात्रीच्या रेल्वेने झोपून जाणे पसंत केले, तर ‘या मार्गावर मागणीच नाही’ असा शेरा मारून सेवा बंद होते.

रात्रीच्या रेल्वेचा हिशेब तर आपण कधी मांडतच नाही. कोल्हापूर-मुंबई हवाई अंतर सुमारे ३१० किलोमीटर. महालक्ष्मी एक्स्प्रेसला त्यासाठी जवळजवळ सगळी रात्र लागते. पण ते तास माणसाने झोपेत घालवलेले असतात. कामाच्या दिवसातला एकही तास तिने घेतलेला नसतो. तासांच्या खऱ्या हिशेबात ही संथ गाडी दुपारच्या विमानापेक्षा वेगवान ठरते. जिथे अशी रोजची रात्रीची गाडी आहे तिथे विमानाने तिच्याशी स्पर्धा करायची तर सकाळी लवकर पोचवून आणि संध्याकाळी उशिरा परत आणूनच करावी लागेल. जिथे अशी गाडी नाही, तिथे आधी गाडीचा विचार व्हावा आणि मग विमानाचा.

भारतातल्या विमानवाहतुकीची सुरुवातच या गोष्टीची साक्ष देते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेच टपाल बेळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. विमान लहान होते. पण लंडनचे टपाल इम्पीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत येत होते, आणि ते तिथे उचलून पुढे लगेच नेण्याने अख्खी साखळी छोटी होत होती. जुळणीमुळे त्या उड्डाणाला अर्थ होता. एका कडीच्या वेगाने साखळी लहान होत नाही, हे आपल्या विमानवाहतुकीच्या पहिल्याच दिवशी दिसले होते.

नंतर हे आपण विसरत गेलो. १९८१ मध्ये इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया यांनी मिळून वायुदूत काढली. ईशान्य भारतातल्या दुर्गम गावांना जोडणे हा तिचा पहिला हेतू होता आणि तो शंभर टक्के योग्य होता. डोंगर आणि ब्रह्मपुत्रा ओलांडून जाणाऱ्याला तिथे रस्त्याचे दिवस लागत. पण पुढे तिचे जाळे देशभर पसरले, राजकीय मागणीप्रमाणे गावे जोडली गेली, तोटा वाढत गेला, आणि १९९३ मध्ये तिचे विलीनीकरण करावे लागले. मग आली केंद्राची ‘उडान’ योजना. २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला-दिल्ली उड्डाणाने तिचा प्रारंभ झाला. त्याच समारंभात दूरदृश्य पद्धतीने नांदेड-हैदराबाद सेवेलाही हिरवा झेंडा दाखवला गेला. सुमारे पाचशे किलोमीटरच्या, तासाभराच्या प्रवासाला विमानातल्या निम्म्या आसनांसाठी अडीच हजार रुपयांची मर्यादा, कंपनीला तीन वर्षे तूट भरून देण्याची हमी, आणि हा पैसा मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार लावून उभा करायचा, अशी ही रचना होती.

हेतू चांगला होता. निकाल मात्र भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आहे, आणि तो प्रत्येक लोकप्रतिनिधीने वाचायला हवा. उडानच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी फक्त ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पूर्ण केली. आणि सवलत संपल्यावर, मार्च २०२३ मध्ये, ५४ मार्ग चालू होते. दिलेल्या शंभर मार्गांमागे सात. या आकड्यांमागे जमिनीच्या अडचणी आहेत, विमानांची टंचाई आहे, कोरोनाची वर्षेही आहेत. पण माझ्या मते मुळातला दोष हा की आपण मार्ग विकत घेतला, वेळापत्रक घेतले नाही. दोन बिंदूंमध्ये रेघ ओढली की प्रदेश जोडला गेला, असे धरून चाललो. ती रेघ सकाळी आहे की दुपारी, आठवड्यातून दोनदा आहे की रोज, पावसाळ्यात ढग खाली उतरले तर ती टिकणार का, हे प्रश्न कंत्राटाच्या मागच्या पानांवर राहिले.

अंतराचा दुसरा गोंधळ कोकणात दिसतो. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. त्या दिवशी जिल्ह्याच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ते खरे होते; मुंबईत गिरणीत राबलेल्या, पनवेलच्या पुढे रात्र जागून गावी येणाऱ्या पिढ्यांचे ते स्वप्न होते. पण पंधरा महिन्यांत, ५ जानेवारी २०२३ ला, गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. चिपी आणि मोपा यांच्यातले हवाई अंतर पन्नास किलोमीटरच्या आत आहे. मोपाला दिवसभर विमाने आहेत, अनेक शहरांना आहेत, आणि स्पर्धेमुळे भाडेही उतरते. सावंतवाडी-बांद्याचा माणूस कुठे जाईल, हे सांगायला तज्ज्ञ नको. ऑक्टोबर २०२४ मध्ये चिपी-मुंबई सेवा थांबली. त्याचे दुःख व्हावेच, पण आश्चर्य वाटू नये. कोकणाबाहेरही हेच आहे: नाशिकजवळच्या ओझरहून शिर्डीचा विमानतळ हवाई अंतराने सत्तर किलोमीटरच्या आत आहे, आणि शिर्डीहून छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा ११० किलोमीटरच्या आत. लातूर आणि नांदेड यांच्यात सव्वाशे. केंद्राच्या २००८ च्या धोरणातच, चालू नागरी विमानतळापासून दीडशे किलोमीटरच्या आत नवा विमानतळ उभारायचा असेल तर त्याचा परिणाम आधी तपासावा, असे म्हटले आहे. हा आकडा हवेतून आलेला नाही. वर मांडलेल्या हिशेबाशी तो बराच जुळतो. दीडशे किलोमीटरच्या आत दोन लहान विमानतळ असले की ते एकमेकांचे प्रवासी खातात, आणि दोघांनाही फेऱ्या वाढवणे परवडत नाही. मग वाट पाहण्याचे तास दोघांकडेही वाढतात. जवळ विमानतळ आल्यामुळे माणूस लांब जातो, असा हा उलटा प्रकार आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला नांदेड-अमृतसर आहे. हवाई अंतर सुमारे १४०० किलोमीटर. सचखंड एक्स्प्रेसला दीड दिवस लागतो. गुरू गोविंदसिंगांच्या हुजूर साहिबला येणारा भाविक पंजाबातून येतो, आणि २००८ च्या गुरुतागद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने नांदेडचा विमानतळ नव्याने उभा राहिला. इथे विमानाने दीड दिवसाचे अडीच-तीन तास केले. श्रद्धेच्या नात्याने जोडलेली दोन गावे खरोखर जवळ आली. विमानाचे काम काय आहे, ते या जोडीत स्वच्छ दिसते: जिथे लोकांचे नाते आहे, अंतर मोठे आहे आणि दुसरी वाट फार वेळ खाते, तिथे. नांदेड-हैदराबादचे नातेही जुने आहे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग होता. ही जोडी माझ्या गणिताच्या सीमारेषेवर, २४५ किलोमीटरवर, बसते. ती टिकू शकते ती पुढे देश-परदेशाला जाणाऱ्या विमानांच्या जुळणीवर. पण त्यातून निघणारी गोष्ट महाराष्ट्राने मनाला लावून घ्यायला हवी. सीमेवरच्या जिल्ह्यातल्या माणसाला आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकापेक्षा शेजारच्या राज्याची राजधानी जवळची वाटू लागते. राज्य नकाशावर एक असते. ते अनुभवात एक असायचे तर कोल्हापूरकडच्या चंदगडच्या आणि नांदेडकडच्या किनवटच्या माणसाला एकमेकांकडे जाता यायला हवे.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. विमानाने जाणारा खिशाने बरा असतो. त्याच्या सोयीसाठी सार्वजनिक पैसा का घालायचा? तोच पैसा एसटीला द्या, रेल्वेचे दुहेरीकरण करा. मला हा आक्षेप निम्मा मान्य आहे. पावणेदोनशे किलोमीटरच्या आतल्या, किंवा चांगला रस्ता असताना २८० च्या आतल्या विमानसेवेवर एक रुपयाही घालू नये. जिथे रात्रीची रेल्वे देता येते तिथे आधी ती द्यावी. पण चारशे ते आठशे किलोमीटरच्या टप्प्यात, जिथे दोन लहान शहरांना जोडणारी रोजची रेल्वे नाही, तिथे विमान ही चैन राहत नाही. दान केलेले हृदय काढल्यापासून साधारण चार तासांत दुसऱ्या छातीत धडधडायला लागावे लागते. तिथे तासाचा अर्थ जीव असा होतो. लहान शहरातल्या उद्योगाला बाहेरचा तज्ज्ञ बोलवायचा असतो, तो ‘एका दिवसात येऊन जाईन’ म्हणाला तरच येतो. आणि लहान शहरातला हुशार मुलगा तिथेच राहून व्यवसाय करायचा की महानगरात भाड्याची खोली घ्यायची, हे ठरवताना हाच हिशेब करतो.

दुसरा आक्षेप असा की विमानतळ झाला की विकास मागून येतो, आज विमान नसले तरी चालेल. याला उत्तर रिकाम्या धावपट्ट्या देतात. ज्या शेतकऱ्याने धावपट्टीसाठी जमीन दिली, त्याला या वाक्याने समजावणे अन्यायाचे आहे. त्याची जमीन गेली ती विमानासाठी, गवतासाठी गेली नाही.

अंतर कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय तर विमानाशिवायचा आहे, आणि तो कोल्हापूरनेच दाखवला. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकाराचा मुंबईचा खेटा वाचला. वकिलांनी आणि नागरिकांनी त्यासाठी अनेक दशके लढा दिला होता. एका निर्णयाने जेवढे माणसांचे तास वाचले, तेवढे कोणत्याही विमानमार्गाने वाचले नसते. न्याय, उपचार, शिक्षण आणि शासनाची सही माणसाच्या जवळ नेता येत असेल तर आधी ती न्यावी. उरलेल्या कामासाठी वाहन द्यावे. हा क्रम आपण उलटा केला आहे.

तेव्हा माझी मागणी चार गोष्टींची आहे. एक, प्रत्येक प्रादेशिक मार्गासाठी घरापासून कामाच्या जागेपर्यंतचा आणि परतीचा एकूण वेळ जाहीर करावा, रेल्वे आणि रस्त्याच्या वेळेशेजारी छापावा. दोन, सरकारी मदत मार्गाला न देता वेळापत्रकाला द्यावी: सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक, आणि रात्री विमान लहान शहरात मुक्कामाला. त्यासाठी लागणारे दिवे, नियंत्रण कक्षाचे वाढीव तास, अभियंत्याची खोली यांचा खर्च नव्या इमारतीच्या काचांआधी करावा. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आहे. तिथल्या सकाळच्या नऊच्या आत पोचणाऱ्या काही जागा राज्यातल्या लहान शहरांसाठी कायम राखाव्यात. त्या नंतर मागून मिळणार नाहीत. तीन, दीडशे किलोमीटरच्या आतल्या विमानतळांना एकमेकांशी झुंजवण्याऐवजी एकाला बळ द्यावे आणि शेजारच्या गावांतून विमानाच्या वेळेला धरून एसटी सोडावी. चार, लहान शहराला लहान शहर जोडावे. सगळ्या रेघा मुंबईकडे ओढल्या की नकाशा चाकासारखा दिसतो, आणि चाकाच्या परिघावरची दोन गावे शेजारी असूनही परकी राहतात.

यातल्या कोणत्याच गोष्टीला नवे तंत्र लागत नाही. मुक्कामी एसटीने हे सगळे पत्र्याच्या टपाखाली, खडबडीत रस्त्यावर, तिकिटाच्या पेटीच्या टिकटिकीत करून दाखवले आहे. तिला वेग नव्हता, तरी तिने गाव तालुक्याच्या जवळ आणले. कारण ती रात्री गावात झोपायची आणि पहाटे गावाच्या गरजेला उठायची.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या जिल्ह्यात विमानतळाचे भूमिपूजन होईल, नव्या मार्गाला हिरवा झेंडा दाखवला जाईल, तेव्हा आनंद जरूर करा. पण धावपट्टी किती मीटर आणि उड्डाण किती मिनिटांचे, एवढ्यावर थांबू नका. व्यासपीठावरच्या माणसाला दोन प्रश्न विचारा: पहिले विमान इथून सकाळी किती वाजता सुटणार, आणि रात्री ते मुक्कामाला कुठे असणार? या दोन प्रश्नांची लेखी उत्तरे मिळेपर्यंत ते दुसरे गाव होते तेवढेच लांब आहे.